पाटीवरचा आकडा आणि मामाची वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. चार ओळींत धन्यवाद म्हणून विषय संपवता आला असता पण तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, आणि एका ठिकाणी माझी चूकही पकडलीय, त्यामुळं मीपण नीट बसून लिहितोय. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. इंधन दरवाढ आणि ड्रायव्हर या माझ्या लेखाखाली या दादांनी लिहिलं, की ते मूळचे कोल्हापुरातल्या राजारामपुरीचे, आता जर्मनीत नोकरीला आहेत, तिथं ते पेट्रोलला लिटरमागं पावणेदोनशे रुपये मोजतात आणि रडत नाहीत. श्रीलंकेतल्या पेट्रोलचा ४७० रुपये हा आकडा मी आपल्या रुपयात असल्यासारखा दिला, ही दिशाभूल आहे. ड्रायव्हरचं काही जात नाही, तो भाडं वाढवतो आणि भरतं ते गिऱ्हाईक. आणि कोल्हापूरकरांना तर कर्नाटकातली निपाणी जवळ आहे, तिकडं स्वस्त म्हणून जाऊन टाकी फुल्ल करतात, मग ओरड कशाला.

पहिल्यांदा चूक. श्रीलंकेच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ४७० हे त्यांचे रुपये, आपल्या पैशात ते साधारण शंभरच्या आसपास येतात. मी ते लिहायला पाहिजे होतं, लिहिलं नाही, आता मूळ लेखात दुरुस्ती केलीय आणि खाली तशी नोंदही टाकलीय.

पण दादा, हा हिशोब दुरुस्त करताना मला जे दिसलं त्याच्यावरच हे सगळं उत्तर उभं आहे. जून २०२२ घ्या. कोलंबोत पेट्रोल ४७० लंकन रुपये, म्हणजे आपले शंभरच्या आसपास. अमेरिकेत त्याच महिन्यात सरासरी दर गॅलनला ५ डॉलरवर गेला, गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, डॉलर तेव्हा ७८ रुपयांचा, म्हणजे लिटरला पुन्हा शंभर-एकशेतीनच. आणि आपल्या कोल्हापुरात तेव्हा ११० च्या आसपास. तीन देश, एकच महिना, पंपाच्या पाटीवरचा आकडा जवळपास सारखा. आता तिन्हीकडचे ड्रायव्हर बघा.

कोलंबोतल्या रिक्षावाल्याला सहा महिन्यांपूर्वी तेच पेट्रोल १७७ ला मिळत होतं. सहा महिन्यांत अडीच पटीच्या वर. आणि वर मिळायचंच नाही, कारण देशाकडं तेल आणायला डॉलरच उरले नव्हते. दोन-दोन दिवस रिक्षा लायनीत, माणूस रिक्षातच झोपायचा, त्या लायनींमध्ये माणसं मेली आहेत. पुढं जुलैत क्यूआर कोडचा पास आला आणि तीनचाकीला आठवड्याला ५ लिटर ठरवून दिलं. ५ लिटरमध्ये आठवडाभर धंदा करून दाखवा. तिथं दर हा प्रश्न मागं पडला होता, गाडी उभी होती हा प्रश्न होता.

अमेरिकेत पंप भरलेले होते. तिथं उबरनं मार्च २०२२ मध्ये प्रत्येक फेरीमागं ४५ किंवा ५५ सेंटचा इंधन अधिभार गिऱ्हाइकाकडनं घेऊन ड्रायव्हरला द्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर म्हणाले हे फारच कमी आहे, आणि कमीच होतं. पण मालवाहतुकीचं बघा, तिथं बऱ्याच करारांमध्ये इंधन अधिभाराचं कलमच असतं. सरकारी ऊर्जा माहिती खातं दर आठवड्याला डिझेलचा सरासरी दर जाहीर करतं, त्या आकड्याला भाडं बांधलेलं. डिझेल वर गेलं की बिल आपोआप वर, खाली आलं की खाली. कुणाच्या हातापाया पडायला नको.

तुमच्या जर्मनीतही हेच आहे. तिकडच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला 'डिझेलफ्लोटर' म्हणजे काय विचारा, करारातलं हेच कलम ते. आणि तुमचं स्वतःचं म्हणाल तर २०२२ ला घर ते ऑफिस या अंतराचे किलोमीटरला ३० सेंट तुम्हाला करपात्र उत्पन्नातनं वजा करता यायचे, २१ व्या किलोमीटरपासनं पुढं ३८ सेंट. त्या वर्षी मार्चमध्ये दर २ युरोच्या वर गेला तेव्हा तुमच्या सरकारनं जून ते ऑगस्ट इंधनावरचा कर उतरवला आणि त्याच तीन महिन्यांत ९ युरोत महिनाभर लोकल गाडी, बस, ट्राम असा पास काढला. तुम्ही रडत नाही कारण दरवाढ तुमच्यापर्यंत येईपर्यंत तिला चार ठिकाणी अडवलेलं असतं. चांगलंच आहे ते. मी एवढंच म्हणतोय की आमच्या ड्रायव्हर मामापर्यंत ती थेट येते.

(नॉर्वेचं उदाहरणही तुम्ही दिलंय. तिथं पेट्रोल २०२२ ला आपल्या दोनशेच्या वर होतं हे खरं. पण सफाई कामगारालासुद्धा तिथं तेव्हा कायद्यानं तासाला २०० क्रोनच्या आसपास मिळायचे आणि लिटर होतं २५-२६ क्रोनचं, म्हणजे आठ मिनिटांचं काम. शिवाय २०२४ मध्ये तिथं विकलेल्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ इलेक्ट्रिक होत्या, १९९० पासून इलेक्ट्रिक गाड्यांना करात सवलती देत आलेला देश आहे तो. पाटीवरचा दर तिथल्या किती जणांना लागतो?)

आता तुमचा मुख्य मुद्दा, ड्रायव्हरचं काही जात नाही, तो भाडं वाढवतो.

माझा मामा पिकअप चालवतो. गाडी स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. रात्री शाहू मार्केट यार्डातनं भाजी भरायची आणि आंबा घाटातनं रत्नागिरीला पहाटे पोचवायची, सकाळी रिकामी गाडी परत. जाऊन येऊन २६० किलोमीटर. मामाला एक सवय आहे, लहान वही असते त्याच्याकडं, डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्रत्येक खेपेला डिझेल किती टाकलं ते लिहितो. मागचा लेख लिहिताना मी ती वही घरी आणून बसलो होतो. कोपरे तेलकट झालेत, मधीच कुठं टोमॅटोचे क्रेट मोजलेत, कुठं कुणाचा फोन नंबर.

२०२० ची दिवाळी : २५ लिटर, दर ७७, रुपये १९२५. भाडं ४५००. २०२१ ची दिवाळी यायच्या आधीचा आठवडा : २५ लिटर, दर १०३, रुपये २५७५. भाडं ४५००.

भाड्याचा आकडा वर्षभरात हललेला नाही दादा. खेपेला ६५० रुपये गेले. महिन्याला १८ खेपा धरा, ११,७०० झाले. गाडीचा हप्ता १२,३०० आहे. म्हणजे दुसऱ्या गाडीचा हप्ता भरल्यासारखंच झालं की, आणि दारात गाडी एकच.

भाडं का नाही वाढवलं? मी हाच प्रश्न मामाला विचारला होता, तुमच्याच सुरात. तो म्हणाला, "मागितलं की. दोनदा मागितलं. शेट म्हणतोय परवडत नसंल तर ऱ्हाऊ दे बाबा, मागं चार गाड्या थांबल्यात." आणि त्या थांबलेल्या असतातच. नोकऱ्या नाहीत म्हणून पोरांनी कर्ज काढून पिकअप घेतल्यात, यार्डात संध्याकाळी जाऊन बघा लाईन. करार नाही, कलम नाही, सगळं तोंडी. व्यापारी वाईट माणूस आहे असंही नाही, त्यालाही रत्नागिरीत भेंडी ठराविक दराच्या वर विकता येत नाही. पण शेवटी दाबलं कोण जातं, तर ज्याला उद्या सकाळी आपला दर बदलता येत नाही तो.

मग माणूस काय करतो ते मी एका खेपेला स्वतः बघितलं. रात्रीचे दोन वाजले असतील, आंब्याच्या पुढं घाट उतरायला लागलो, मागं दीड टन माल, आणि मामानं गाडी न्यूट्रलला टाकून चावी फिरवली. इंजिन बंद. एकदम शांत झालं सगळं, नुसता टायरचा आवाज आणि मागं क्रेट करकरताहेत. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड होतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, २२ वर्षं गाडी मारतोय. तो जवळजवळ उभा राहून ब्रेक दाबत होता. लायनरचा जळका वास केबिनमध्ये भरला होता. साखरप्याच्या अलीकडं त्यानं परत चावी मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "लिटर वाचतंय गा." त्या लिटरची किंमत तेव्हा १०३ रुपये होती. दादा, ड्रायव्हरचं काही जात नाही हे वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत वाचलं तेव्हा मला तो वास आठवला, त्यामुळं राग आला होता, खोटं कशाला बोलू.

रिक्षाचंही तसंच. रिक्षावाला मीटर टाकत नाही, वाट्टेल ते मागतो असं तुम्ही लिहिलंय, काही जण करतात आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण अधिकृत भाडं वाढवायचं त्याच्या हातात नाही, ते सरकारचं परिवहन प्राधिकरण ठरवतं. मुंबईचं उदाहरण घ्या, तिथं मार्च २०२१ ला भाडं वाढलं ते परत थेट ऑक्टोबर २०२२ ला. मधल्या १९ महिन्यांत सीएनजी पन्नाशीच्या आसपासचा ८० वर गेला. ते १९ महिने कुणी भरले?

आणि समजा भाडं वाढवायची पूर्ण मोकळीक दिली तरी भागतं असंही नाही, त्यासाठी नायजेरिया बघा. २९ मे २०२३ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी, टिनुबूंनी, शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलवरची सबसिडी संपली म्हणून सांगितलं. २०० नायराच्या खालचं पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या आसपास. लागोसमध्ये डॅनफो म्हणून पिवळ्या मिनीबस आहेत, आपल्या वडापसारख्या. त्यांनी भाडी वाढवली, त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. पण रोजंदारीवरच्या माणसाकडं तेवढे पैसेच नाहीत, लोक चालत निघाले. भाडं वाढलं आणि सीट रिकामी, असा तो हिशोब.

फ्रान्समधल्या पिवळ्या जाकिटांवर, म्हणजे इंधनावरच्या करवाढीविरुद्धच्या आंदोलनावर, मी अर्धाच परिच्छेद लिहिला म्हणून तुम्ही टोकलंय, ते मान्य. नोव्हेंबर २०१८ ला जे लोक चौकाचौकात उतरले त्यातले कितीतरी लहान गावातले, जिथं कामाला जायला गाडीशिवाय इलाज नाही. जानेवारीत डिझेलवर लिटरला साडेसहा सेंट कर वाढणार होता. पॅरिसमधल्या मेट्रोनं जाणाऱ्याला साडेसहा सेंट म्हणजे काहीच नाही. शेवटी सरकारला ती वाढ रद्द करावी लागली. आपण टोल घालवलेली माणसं आहोत, कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

मला स्वतःला ब्राझील सगळ्यात जवळचा वाटतो. आपल्याकडं १६ जून २०१७ पासून दर रोज बदलायला लागले, ब्राझीलमध्ये तिथल्या सरकारी तेल कंपनीनं जुलै २०१७ पासून जवळपास तेच केलं. वर्षभरात मे २०१८ मध्ये तिथले ट्रकवाले, त्यात स्वतःच्या गाडीवर स्वतःच ड्रायव्हर असलेले लै जण, मामासारखेच, जवळपास दहा दिवस रस्ते अडवून बसले. डिझेल लिटरला ४६ सेंटाव्होनं (म्हणजे तिथल्या ४६ पैशांनी) उतरवून घेतलं, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट मिळवली ती भाड्याचा किमान तक्ता. कायद्यानं. डिझेल ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त हललं की तक्ताही बदलायचा. तो सगळीकडं पाळला जातो असं नाही, तिथंही पळवाटा आहेत. पण दर रोज बदलणार असेल तर भाड्यालाही बदलायची सोय पाहिजे, ही गोष्ट त्यांनी निदान कायद्यात लिहून घेतली. आपण फक्त पहिला अर्धा भाग आणला.

आणि खाली यायच्या वेळी काय होतं तेही बघा ना. एप्रिल २०२० ला जगात कच्चं तेल एवढं कोसळलं की अमेरिकेतला वायदेबाजारातला भाव एक दिवस शून्याच्या खाली गेला. मे महिन्यात आपल्याकडं केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला, पंपावरचा दर होता तिथंच राहिला. लॉकडाऊनचे पैसे कुठनंतरी उभे करायचे होते, समजतं. नोव्हेंबर २०२१ ला डिझेलचे १० आणि मे २०२२ ला ६ कमी केले, तेही खरं, आणि तुम्ही म्हणता तसं मी हे मागच्या लेखात लिहायला पाहिजे होतं. पण पहिली वाढ मामाच्या वहीत कुठंच दिसत नाही, कारण दर चढलाच नाही, फक्त उतरायचा राहिला. जे मिळालंच नाही ते वहीत कसं लिहिणार.

राहता राहिलं निपाणी. सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं जाऊन टाकी भरणं त्याला परवडतं जो बेंगलोरकडं चाललाय आणि ज्याची टाकी तीनशे लिटरची आहे. रत्नागिरीला जाणाऱ्या पिकअपनं उलट दिशेला साठ किलोमीटर जाऊन येऊन २५ लिटर टाकायचं, त्यात पाच-सहा लिटर जाण्यायेण्यातच जळणार. आणि कर्नाटकनं जून २०२४ ला कर साधारण तीन रुपयांनी वाढवल्यापासनं तो फरकही आटलाय.

दादा, तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढच्या महिन्यात सुट्टीला घरी येताय. मामाला मी तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली, तो चिडला नाही, म्हणाला, "घिऊन ये त्यास्नी." गाडी रात्री साडेनऊला मार्केट यार्डातनं सुटते, केबिनमध्ये एक जागा असते. वहीपण तिथंच कप्प्यात आहे, तुम्ही स्वतः चाळून बघा.