कॅपिटल लेटरचं एवढं खूळ कशाला? एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

सातवीच्या इंग्रजीच्या उजळणीत गोष्टीचे घटक आणि कॅपिटल लेटर एकत्र कसे घेते, यावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही सविस्तर आणि चांगलं खरमरीत लिहिलंत. बाकीचे नुसते अंगठे टेकवून गेले, त्यामुळे तुमचं विशेष वाटलं.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता: संकलित परीक्षा तोंडावर आली आणि मॅडम पोरांकडून मोठं अक्षर, लहान अक्षर गिरवून घेताहेत. ते काम आता मोबाईल आपोआप करतो. सेटिंग (गोष्ट कुठे, केव्हा घडते), थीम, पॉइंट ऑफ व्ह्यू हे शहरातल्या बड्या शाळांचे चोचले आहेत. जळगावातल्या चोपडा-यावलकडच्या पोराला आधी चार वाक्यं बोलता येऊ द्या. आणि मराठीत कॅपिटल नाही म्हणून आपलं आजवर काय अडलं?

शेवटचा मुद्दा सगळ्यात दमदार आहे, म्हणून तो आधी घेते.

मराठीत अडत नाही, कारण मराठीने ती सोय दुसरीकडे करून ठेवली आहे. 'आशाने डबा आणला' आणि 'आशेने वाट पाहिली' ही दोन वाक्यं तुमच्या मुलाला द्या. पहिल्यात मुलगी आहे, दुसऱ्यात नाही, हे तो झोपेतही सांगेल. माणसाच्या नावाचं आपण हल्ली सामान्यरूप करत नाही, साध्या नामाचं करतो. हा नियम त्याला कुणी शिकवलेला नाही, तो घरातच कानावर पडून आलेला आहे. शिवाय मराठी उताऱ्यातले बहुतेक शब्द त्याच्या ओळखीचे असतात. एखादा अडला तर तो नाव आहे की काय, हे आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं.

इंग्रजीत यातलं काहीच हाताशी नसतं. नामाला 'ने' नाही, 'ला' नाही. त्यात उताऱ्यातले निम्मे शब्द अनोळखी. अशा वेळी मूल प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबतं आणि विचारतं, 'मॅडम, याचा अर्थ काय?' ज्या शब्दाला अर्थ नसून तो कुणाचंतरी नाव आहे, त्याच्यापाशीही तितकाच वेळ थांबतं. मागे फळ्यावर एक वाक्य दिलं होतं: 'ऑन संडे रोझ रोझ अर्ली अँड मेट मिस्टर हिल ऑन द हिल.' मुद्दाम सगळं लहान अक्षरांत लिहिलं. वर्गात गुलाबाला गुलाब लागला आणि डोंगरावर डोंगर चढला. मग वाक्याच्या मध्ये योग्य ठिकाणी चार मोठी अक्षरं घातली: संडेचा एस, पहिल्या रोझचा आर, मिस्टरचा एम, माणसातल्या हिलचा एच. मागच्या बाकावरचा एक जण लगेच म्हणाला, 'पहिली रोझ पोरगी आहे, दुसरी उठली.' 'राइझ'चा भूतकाळ त्याला पाठ नव्हता, पण रोझ ही मुलगी आहे म्हटल्यावर पुढे काहीतरी क्रियापदच हवं, एवढं त्याने बरोबर ताडलं.

कॅपिटलची उजळणी मी लिहिण्यासाठी घेते त्याहून जास्त वाचण्यासाठी घेते, ते यामुळे. मुलांना एवढंच सांगते: वाक्याचं पहिलं अक्षर सोडा, ते काही सांगत नाही. वाक्याच्या मध्ये जी मोठी अक्षरं भेटतील त्यांना पेन्सिलने गोल करा. मग गोल केलेले शब्द वेगळे काढा. माणसांची नावं निघाली की पात्रं मिळाली. गावाचं, नदीचं, वाराचं, महिन्याचं नाव निघालं की सेटिंग मिळालं. ऋतूंना मात्र मोठं अक्षर नसतं. जून, मंडे, दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया) यांना मिळतं. समर, विंटर, मान्सून यांना नाही. म्हणजे गोष्ट उन्हाळ्यातली आहे हे गोलांतून कळणार नाही, त्यासाठी वाचावंच लागेल. तरी उताऱ्याचा अर्थ लागायच्या आधीच 'कोण' आणि 'कुठे' हे दोन प्रश्न बऱ्यापैकी सुटलेले असतात आणि मुलाचा धीर सुटत नाही. घटक आणि कॅपिटल मी एकाच तासाला का बांधते, असं तुम्ही विचारलं होतं. ते असं.

पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे गोष्ट कोण सांगतंय, एवढंच. इथे मुलं हमखास फसतात आणि दरवर्षी एकाच जागी फसतात. इंग्रजीत 'मी' म्हणजे 'आय' कुठेही आला तरी मोठाच लिहायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तो डोळ्यांत भरतो. आता गोष्टीत म्हातारा म्हणतो, 'आय अॅम टायर्ड.' मुलं तो आय बघतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात: गोष्ट म्हातारा सांगतो, फर्स्ट पर्सन. खरं तर तो आय अवतरणचिन्हांच्या आत आहे, म्हणजे म्हातारा फक्त बोलतो आहे. सांगणारा वेगळाच आहे. त्यामुळे आम्ही आधी अवतरणांतला मजकूर तळहाताने झाकतो आणि उरलेल्या मजकुरात आय सापडतो का ते बघतो. सापडला तर सांगणारा गोष्टीतलाच. नाही सापडला तर बहुधा बाहेरचा. 'वी' आणि 'माय' एकदा तपासून घ्यायचे. तळहात झाकायचा हा खेळ पोरांना फार आवडतो, आणि परीक्षेत त्याला साहित्यही लागत नाही.

प्राण्यांच्या गोष्टीत तर याहून गंमत. 'द फॉक्स' असेल तर एफ लहान, तो कुठलातरी एक कोल्हा. पण लेखकाने 'द' काढून टाकला आणि एफ मोठा केला, तर ते त्याचं नावच झालं, जसं आपण गोष्टीत 'कोल्होबा' म्हणतो. मराठीच्या तासाला चेतनगुणोक्ती अलंकार होतो, म्हणजे माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवणं, तोच इंग्रजीत पर्सनिफिकेशन म्हणून येतो. जुन्या इंग्रजी कवितेत होप, टाइम, डेथ अशी भाववाचक नामं मोठ्या अक्षराने लिहिलेली दिसली की तिथे कवीने त्यांना माणूस केलं असेल, असा संशय घ्यायला हरकत नाही. संशयच म्हणते, कारण पूर्वी इंग्रजीत कितीतरी साधी नामंही मोठ्या अक्षराने लिहायची पद्धत होती. १७८७च्या अमेरिकी राज्यघटनेची मूळ प्रत पाहिली तर नामं अशीच दिसतात, आणि जर्मनमध्ये आजही प्रत्येक नामाला मोठं अक्षर लागतं. म्हणजे हे नियम आभाळातून पडलेले नाहीत, छापणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी ठरवलेले आहेत. 'उत्तर महाराष्ट्र' असं नुसतं इंग्रजीत लिहिताना नॉर्थचा एन मोठा करायचा की लहान, यावर आजही एकमत नाही. जळगावच्या विद्यापीठाच्या नावात आला की मात्र तो मोठाच. तापी पश्चिमेकडे वाहते, या वाक्यातला वेस्ट लहानच.

आता लिहिण्याकडे येते. तुम्ही याला गिरवणं म्हणालात, पण मुलांच्या वह्यांतल्या चुका बघितल्या तर त्यांना एक तर्क असतो, तो समजून घ्यावा लागतो. आपल्या मुलाला इंग्रजी अक्षर पहिल्यांदा कुठे दिसतं? भुसावळच्या फलाटावर, ट्रकच्या पाठीवर, दुकानाच्या पाटीवर, बँकेच्या फॉर्मवर. तिथे सगळीच अक्षरं मोठी. तुमची-माझी पिढी पाचवीत इंग्रजीला भिडली, तेव्हा तर मोठ्या अक्षरांना 'पहिली लिपी' आणि लहान अक्षरांना 'दुसरी लिपी' म्हणायचे. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, तरी घरातले मोठे अजून तेच शब्द वापरतात. पहिली ती महत्त्वाची, असं मुलाच्या मनात बसतं. मग जे महत्त्वाचं त्याला तो पहिली लिपी देतो. 'माय फादर इज अ फार्मर' या वाक्यात दोन्ही एफ मोठे असतात, कारण बाप मोठा. काऊचा सी मोठा, कारण गाय. रावेरकडच्या एका मुलीने निबंधात बनानाचा बी प्रत्येक ठिकाणी मोठा काढला होता. मी लाल खूण केली तर म्हणाली, 'मॅडम, आपल्या केळीला मानांकन आहे ना?' आहे, भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं. तरी जळगावचा जे मोठा आणि केळीचा बी लहानच राहतो. तिला ते पटलं नाही, पण पुढे तिने बी लहान काढला.

नात्यांच्या शब्दांत हा गुंता सगळ्यात जास्त. अहिराणीत 'मनी माय', म्हणजे 'माझी आई', म्हटलं तर ती कुणाचीतरी आई, म्हणून 'माय मदर' यातला मदरचा एम लहान. पण तिला हाक मारायची झाली, किंवा नावाच्या जागी 'मदर सेड' असं लिहायचं झालं, तर एम मोठा. ही एक गोष्ट नीट कळायला आमचे बरेच तास जातात. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, कारण इथे मूल विचार करतं. नुसता नियम म्हणून दाखवत नाही.

विषयांच्या नावांवरून तर वर्गात भांडण होतं. सायन्स लहान, हिस्टरी लहान, आणि इंग्लिश तेवढं मोठं, हा कुठला न्याय? मग सांगावं लागतं की ते विषय म्हणून मोठं नाही, भाषेचं नाव म्हणून मोठं आहे. मराठीचा एम मोठा, हिंदीचा एच मोठा. अहिराणी? तिचाही ए मोठा. भिली, पावरी या आदिवासी भाषा? मोठेच. धडगावकडून आलेल्या एका मुलाने हे ऐकलं आणि वहीच्या मागच्या पानावर पावरीचा पी दोनदा गिरवला. तेवढं गिरवणं मी होऊ दिलं.

मोबाईलचं म्हणाल, तर तो पूर्णविरामानंतरचं अक्षर मोठं करतो आणि आय सुधारतो. पण रोझ फूल आहे की मुलगी, आणि मे महिना आहे की 'कदाचित', हे तो खात्रीने ओळखत नाही. तुमच्या गावाचं, शेजारच्या नाल्याचं नाव तर त्याच्या गावीही नसतं. शिवाय कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेचा पेपर, पेननेच सोडवायची आहे.

चोचल्यांचं मला खरंच पटलं नाही, भाऊ. गावच्या यात्रेत तमाशाचा वग पहाटेपर्यंत बघणाऱ्या माणसाला कॉन्फ्लिक्ट, गोष्टीतला झगडा, म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. राजा कुठल्या नगरीचा, प्रधान कपटी का, भांडण कशावरून पेटलं, हे तो दुसऱ्या दिवशी पारावर सगळं सांगतो. पोरांना तेच तर येतं. त्यांना फक्त इंग्रजीतले चार शब्द द्यायचे असतात: प्लॉट (कथानक), कॅरॅक्टर (पात्र), सेटिंग, कॉन्फ्लिक्ट. मी आधी त्यांना अहिराणीत गोष्ट सांगायला लावते, त्या गोष्टीतच हे चारही शोधून घेते आणि मगच इंग्रजी उतारा उघडते. थीमपाशी मात्र सावकाश जावं लागतं, कारण मुलं थीम विचारली की तात्पर्य लिहितात. 'खोटं बोलू नये' हे तात्पर्य झालं. खोट्यामुळे माणसाचा विश्वास कसा उडत जातो, याबद्दल ती गोष्ट काही दाखवते, ते थीम. सातवीत याहून खोल मी जात नाही.

बोलण्याचं तुम्ही म्हणता ते रास्त आहे आणि त्यासाठी वेगळा तास आहेच. त्यावर स्वतंत्र लिहीन.

घरी काय करून घेऊ, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. पुस्तकातला न शिकवलेला एखादा गद्य उतारा घ्या. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. मुलाला मधली मोठी अक्षरं गोल करू द्या आणि विचारा, यातली माणसं कोणती, जागा कोणत्या? एखादा गोल यापैकी कशातच बसला नाही तर तो शब्द त्याला वहीत टिपून माझ्याकडे आणू द्या. बहुतेक वेळा ते भाषेचं, सणाचं किंवा देशाचं नाव निघेल. हे कवितेवर मात्र करू नका. तिथे प्रत्येक ओळ मोठ्या अक्षराने सुरू होण्याची जुनी रीत आहे. मुलं ओळ संपली की वाक्य संपलं असं धरतात आणि अर्थाचे तुकडे करतात. कविता मी वर्गात पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत मोठ्याने वाचून घेते. पुढच्या आठवड्यात तेच चालू आहे.