डाळिंबाचं मसाला सिरप कडू का झालं? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. माझ्या कृतीने केलेलं डाळिंबाचं मसाला सिरप कडवट झालं, रंग काळपट आला आणि दहाव्या दिवशी झाकण उघडताच फसफसून वर आलं, असं तुम्ही लिहिलंत. वर ‘एल्डरबेरीच्या सिरपची ही नक्कल कशाला?’ हेही विचारलंत. (एल्डरबेरी म्हणजे परदेशातलं छोटं काळसर फळ; त्याचं सिरप तिकडे सर्दीवर घेतात.)

कडवटपणाची चूक माझी. ‘दाणे मिक्सरमधून काढा’ एवढंच मी लिहिलं होतं. मिक्सर सलग फिरला की दाण्यातली बी फुटते आणि तिचा तुरट-कडूपणा रसात उतरतो. गाळणीत पांढरट, खरखरीत कणी दिसली तर समजा बी फुटली. दाण्यांवरचा पिवळसर पापुद्रा आधी वेचून काढा. मिक्सरला एकेका सेकंदाचे दोन-तीनच झटके द्या, नाहीतर सरळ ओल्या पंच्यात बांधून हाताने पिळा. गाळताना चमच्याने रगडू नका. रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वरचा निवळ तेवढा घ्या, तळाचा गाळ सोडा.

लोह मिळावं म्हणून तुम्ही लोखंडी कढई घेतलीत. डाळिंबातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. पितळ आणि ॲल्युमिनियमही नको.

फसफसण्याचं कारण मात्र निम्मी केलेली साखर. आपल्या ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाच्या रसात मुळात साधारण 15 टक्के साखर असते. 1 लिटर रसाला दीड किलो घातली की एकूण साखर वजनाच्या 65 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि तिथे आंबवणाऱ्या यीस्टला वाढणं फार अवघड होतं. तुमच्या 750 ग्रॅमने ती 50 टक्क्यांवरच राहिली. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेली अशी बाटली आंबणारच. साखर कमीच हवी असेल तर जरूर करा, पण मग ते सरबत समजून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

1 लिटर रसाला मसाला असा: दोन इंचाचे दालचिनीचे 2 तुकडे, 6 लवंगा, 4 वेलदोडे, 8 मिरी, इंचभर सुंठ ठेचून. सगळं अख्खंच, पुरचुंडीत. पूड घातली तर सिरप गढूळ होतं. साखर विरघळेपर्यंत मंद आच, वाफा येऊ लागल्या की 10 मिनिटं, उकळी नको. त्यातच 10 ग्रॅम लिंबूसत्त्व घाला: भगवा गोड, आंबटपणा बेताचा, आणि आंबटपणामुळेच लाल रंग खुलतो. पुरचुंडी काढा, नाहीतर लवंग सगळ्यांवर मात करते. उकळून वाळवलेल्या काचेच्या गरम बाटलीत गरमच भरा. लिंबू सरबताला वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे घालू नका, डाळिंबाचा रंग उडतो.

आता नक्कल. एल्डरबेरीची कच्ची फळं, बिया, देठ यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून ती फळं बराच वेळ शिजवावीच लागतात. डाळिंबाला ती गरज नाही; तेवढं उकळलं तर रंग आणि वास दोन्ही जातात. तिथून घेतली ती फक्त मसाल्याची कल्पना. सांगोला-मंगळवेढ्याचं डाळिंब दाराशी असताना, 2016 साली ‘सोलापूर डाळिंब’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं असताना, परदेशी सुकी फळं मागवायचं कारण मला दिसत नाही. हे सर्दीवरचं औषध मात्र नव्हे, तसा दावा मी करत नाही.

फसफसलेली बाटली पुन्हा उकळून वापरू नका. आत वायू साठून काच फुटू शकते, म्हणून वरून जाड फडकं धरून बेसिनमध्येच झाकण सैल करा आणि ओतून द्या.