शॉर्ट शिफ्टर लावून जड गिअर हलका होत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स खोलू नका. शॉर्ट शिफ्टर किट मागवा, अर्ध्या तासात घरीच बसवा. गिअर लोण्यासारखा पडेल, पिकअप वाढेल, घाटात गाडी पळेल आणि गिअरबॉक्सला काहीही होणार नाही.’

किटने गिअरच्या दांड्याची हालचाल आखूड होते, एवढं खरं. बाकी दावे चुकीचे आहेत. त्यातला पहिला तर थेट उलटा आहे आणि त्यावर विश्वास ठेवून लोक भलत्याच जागी पैसे घालतात. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

‘गिअर लोण्यासारखा पडेल’

गिअरचा दांडा म्हणजे तरफ. समजा, मुठीपासून टेकूपर्यंत २४० मिलिमीटर आणि टेकूपासून खालच्या टोकापर्यंत ६० मिलिमीटर आहे. प्रमाण ४ ला १. खालचं टोक १५ मिलिमीटर सरकवायला मूठ ६० मिलिमीटर हलवावी लागते. किट टेकू १५ मिलिमीटर वर नेतं. आता वर २२५ आणि खाली ७५, प्रमाण ३ ला १. मूठ ४५ मिलिमीटर हलवली की काम होतं, म्हणजे हालचाल पाव हिश्शाने घटली. पण जिथे हाताला ३ किलोचा जोर लागत होता तिथे आता ४ किलोचा लागेल. हालचालीत जे वाचतं ते जोरात मोजावं लागतं. कोणत्याही कंपनीचं किट घ्या, हा हिशेब चुकत नाही.

दांडा हॅकसॉने कापून, टोकाला नवे आटे पाडून मूठ बसवली तरी निकाल हाच. वरचे २४० चे १८० झाले की प्रमाण पुन्हा ३ ला १. शिवाय मूठ हातापासून लांब आणि खाली जाते, ते वेगळं.

ज्या गाड्यांत दांडा आणि गिअरबॉक्स केबलने जोडलेले असतात, त्यांत आणखी एक फरक लक्षात घ्यावा. किट दांड्याच्या बैठकीत बदल करत असेल तर केबलवरचा ताण पूर्वीइतकाच राहतो, जोर फक्त हाताला जास्त लागतो. गिअरबॉक्सवरची आर्म, म्हणजे केबल जिला ओढते ती दांडी, आखूड करणारं किट असेल तर जास्तीचा ताण केबल ओढते. जुनी, आतून गंजलेली केबल असा ताण फार दिवस सोसत नाही आणि तिची टोकाची प्लास्टिकची वाटी आधी तडकते.

आता मूळ प्रश्न: गिअर जड का पडतो? किट मागवण्याआधी दहा मिनिटं काढा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनला सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनला अडतात, तर दोष क्लचमध्ये आहे. पेडल पूर्ण दाबूनही क्लच प्लेट नीट सुटत नाही. खात्री करायची असेल तर इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे प्लेट घासत असेल तर तो लगेच कर्रकर्र करतो. केबलचा क्लच असेल तर केबलची सेटिंग आणि तुटत आलेल्या तारा बघा. हायड्रॉलिक असेल तर टाकीतली पातळी, पाइपातली हवा, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. झाकणावर ऑइलचा प्रकार डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच ऑइल घाला.

बंद इंजिनलाही गिअर जड असेल तर गिअरची केबल, बुश (सांध्यातल्या रबर-प्लास्टिकच्या कड्या), लिंकेज (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड) यांच्याकडे वळा. इंजिनची माउंटिंग, म्हणजे त्याला धरणारी रबरं, फाटली असेल तर ॲक्सिलरेटर देताना-सोडताना इंजिन डुलतं आणि त्याच्याबरोबर लिंकेजही हलतं. मग गिअर कधी सहज, कधी अडून पडतो.

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. अशा सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरला दुसरा गिअर जड पडणं आणि गाडी तापली की मोकळा होणं, हे गिअर ऑइलचं लक्षण आहे. ऑइल जुनं आहे किंवा ग्रेड चुकीचा आहे. इथे एक चूक वारंवार होते. गिअर ऑइलचे जीएल-४, जीएल-५ असे दर्जे असतात. दुकानदार डिफरन्शिअलचं जीएल-५ ऑइल ‘भारी असतं’ म्हणून देतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. काही ऑइलांत ती पितळी सिंक्रो रिंगला बाधतात, शिवाय अशा ऑइलात रिंगला हवं तेवढं घर्षण मिळत नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घालायचं, दाटपणाचा ग्रेड ७५डब्ल्यू-८० की ७५डब्ल्यू-९० हेही त्यातूनच घ्यायचं. छोट्या गाडीला साधारण दोन लिटरच्या आसपास लागतं. गाडी सपाट जागी उभी करून, भरायच्या भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरायचं. आधी भरायचा नट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा ड्रेन नट खोला. वरचा नट अडकून बसला आणि खालून ऑइल सांडलेलं असेल तर गाडी जागची हलवता येत नाही.

हे सगळं केल्यावर बहुतेक ‘जड’ गिअर हलके होतात. ऑइल, बुश, क्लच केबल यांचा खर्च चांगल्या किटपेक्षा बहुधा कमीच येतो.

‘गिअरबॉक्सला काहीही होणार नाही’

गिअर पडताना पितळी सिंक्रो रिंग समोरच्या शंकूवर घासते, दोन्हींचा वेग जुळवते आणि जुळेपर्यंत स्लीव्हला, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, पुढे जाऊ देत नाही. या कामाला लागणारा वेळ वेगातला फरक, ऑइल आणि रिंगवरचा दाब यांवर ठरतो. दांडा आखूड केला म्हणून तो वेळ घटत नाही. रिंग अडवत असताना ‘इतकं छोटं अंतर आहे, पडेलच’ म्हणत झटका दिला की दाब वाढतो, रिंगचे बारीक आटे झिजतात आणि काही महिन्यांनी दुसरा-तिसरा गिअर कर्रकर्र करू लागतो. हात शांत ठेवला, रिंगला क्षणभर दिला, तर चांगलं बनवलेलं किट गिअरबॉक्सला मारत नाही. नुकसान करतो तो झटका.

दुसरा धोका याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. किटचा दांडा कन्सोलच्या (दांड्याभोवतीच्या प्लास्टिकच्या पेटीच्या) कडेला किंवा स्वतःच्याच स्टॉपरला आधी टेकला, तर गिअर पूर्ण बसण्यापूर्वीच हालचाल थांबते. हाताला वाटतं गिअर पडला, पण आत स्लीव्ह दातांवर अर्धीच चढलेली असते. जोर आला की गिअर सुटतो. दरवेळी सुटताना दातांच्या कडा गोल होतात, मग किट काढलं तरी गिअर सुटतच राहतो आणि गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

‘पिकअप वाढेल’

वाढत नाही. इंजिनचा टॉर्क, गिअरचं गुणोत्तर, फायनल ड्राइव्ह, चाकाचा घेर, यातलं काहीच किट बदलत नाही.

‘घाटात गाडी पळेल’

चाळीसगावहून कन्नडला चढताना औट्रम घाट किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाट. अशा ठिकाणी पाचव्यातून चौथ्यात यायची वेळ सतत येते. दांडा मागे आणि थोडा डावीकडे आणायचा असतो. काही किटांत आडवी हालचालही आखूड होते, चौथा आणि दुसरा जवळ येतात. दांडा मध्यावर आणणारी स्प्रिंग ढिली असेल किंवा हात घाईत डावीकडे गेला तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. पाचव्याचं गुणोत्तर ०.७५ आणि दुसऱ्याचं १.९ धरा, म्हणजे अडीचपट. पाचव्यात इंजिन २८०० फेऱ्यांवर असेल तर क्लच सोडताच ते ७००० वर फेकलं जातं. डिझेल इंजिन तिथपर्यंत जाण्यासाठी बनलेलं नाही. इंजिनच्या फेऱ्या रोखणारा रेव्ह लिमिटर इथे वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात. उतारावर तर याची भीती दुप्पट. म्हणून किट घेताना आडवी हालचाल मूळचीच ठेवणारं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘अर्ध्या तासात घरीच’

केबलच्या गाडीवर पहिल्यांदा काम करणाऱ्याने तीन तास धरावेत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, गिअर न्यूट्रलमध्ये. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं मॉड्यूल याच कन्सोलखाली असतं, म्हणून इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि काही मिनिटं थांबा. मूठ, बूट (दांड्याभोवतीचं आवरण), कन्सोल या क्रमाने काढा. केबलची टोकं बॉलवरून काढताना केबल ओढू नका. टोकाच्या वाटीखाली चपटा काटा घालून सरळ वर उचला. बाहेरच्या आवरणाच्या क्लिपा जपून ठेवा, त्या सुट्या सहज मिळत नाहीत. बैठकीचे चार बोल्ट सोडण्याआधी केबल कुठून कशी जाते त्याचा फोटो काढा.

नवी बैठक बसवताना बोल्ट आधी हाताने लावा, मग तिरप्या क्रमाने आवळा. टॉर्क मॅन्युअलमधला घ्या. एम८ बोल्टला तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. रबर आणि प्लास्टिकच्या बुशला सिलिकॉन ग्रीस लावा, तेही बेताने. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाचा तंतू सगळीकडे उडतो. उघड्या ग्रीसला ते चिकटले की बुश आणि गोळा घासायची पेस्टच तयार होते. आतला रबरी बूट परत बसवायलाच हवा. दांडा थेट गिअरबॉक्समध्ये जाणारी गाडी असेल तर तो बूट विसरल्यावर धूळ, आवाज आणि उष्णता तिन्ही केबिनमध्ये येतात. तशा गाडीत दांडा काढताच उघड्या तोंडात स्वच्छ फडका कोंबा. एखादी सर्कलिप आत पडली तर गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

मग केबलची सेटिंग. गिअरबॉक्सची आर्म आणि दांडा दोन्ही न्यूट्रलला असताना, लॉक पिन असेल तर ती घालून ॲडजस्टर आवळा. इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर दहा वेळा टाका. प्रत्येक गिअर पडल्यावर दांडा आणि कन्सोल यांत बोट जाईल इतकी मोकळी जागा हवी आणि दांडा त्याच दिशेला आणखी ढकलला तर आतल्या थांब्याची घट्ट टक्कर जाणवली पाहिजे, प्लास्टिकची लवचीक नव्हे. मूळ दांड्याला रिव्हर्ससाठी वर ओढायची रिंग असेल तर ती नव्यावरही चाललीच पाहिजे. ती चालत नसेल तर किट परत करा.

मुठीबद्दल एवढंच: आटे गाडीगणिक वेगळे असतात, सहसा होंडाला १० बाय १.५, टोयोटाला १२ बाय १.२५ (दांड्याचा व्यास आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). चुकीची मूठ जबरदस्तीने फिरवली तर दांड्याचे आटे जातात. जड मूठ हाताला बरी वाटते, पण मे महिन्यात ४४-४५ अंशांत भुसावळला उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली स्टीलची मूठ हात भाजते. चामड्याची किंवा प्लास्टिकचीच घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर किट बसवण्याआधी वॉरंटीची अट वाचा. बदलामुळे झालेला बिघाड सहसा त्यात धरत नाहीत. जुनी बैठक, क्लिपा आणि बोल्ट एका पिशवीत बांधून ठेवा. ५०० किलोमीटरनंतर बैठकीचे बोल्ट पुन्हा तपासा. त्याआधी एकदाही गिअर आपोआप सुटला तर त्याच दिवशी जुनी बैठक परत बसवा.