ओळीपुढं हॅश (#) लावलं की ती कॉमेंट, म्हणजे कॉम्प्युटरनं सोडून द्यायची टीप असते ना रे बाबा?

पावणेनऊला मोंढ्यात आलो, पंखा लावला, फाईल उघडली. कालच्या सोयाबीनच्या वजनांची यादी पाहिजे होती. आत काय, तर अख्खं लॉगिनचं पान! ‘कृपया पुन्हा लॉगिन करा.’ फाईलचं नाव मात्र ऐटीत, तारखेसकट, डॉट सीएसव्ही. लॉग बघावा तर एक्झिट कोड शून्य, म्हणजे चूक काही नाही. पोर्टलवरून यादी ओढून आणणारी कमांड म्हणजे कर्ल, त्याच्या हिशोबानं काम फत्ते. पोर्टलनं 302, म्हणजे ‘तिकडं जा’, देऊन लॉगिनकडं ढकललं, मी मोठ्या हौसेनं ‘सांगतील तिकडं जा’वाला एल लावलेला, तो निघाला मागं मागं, त्या पानानं 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, दिलं आणि ह्यानं ते मुकाट खिशात घातलं. एफ का नाही लावला, असं विचारणाऱ्यांनी गप बसा. लावलेला. तो 400 पासून पुढच्या, म्हणजे चुकीच्या आकड्यांवरच बोंबलतो.

गल्ल्यावरून काका: “काय रे, यादी आली का? मिलवाल्याचा फोन यायलाय.”

“यायलीय काका.”

यायलीय म्हणे. डोंबल!

कुकी, म्हणजे पोर्टलनं ब्राउझरला दिलेली ओळखीची चिठ्ठी, फाईलीत होती हो! डोळ्यांनी बघितलेली. ओटीपीशिवाय ते पोर्टल कुणाला आत घेत नाही, म्हणून रविवारी ब्राउझरमधून लॉगिन करून कुकीची फाईल काढली आणि सर्व्हरवर टाकली. मुदत तपासली, 1970 पासूनचे सेकंद मोजत. पुढच्या महिन्यापर्यंत होती. मग टॅब मोजले. हो, टॅब मोजले, कारण मागच्या दिवाळीत ह्याच टॅबनं मला रडवलंय. एका ओळीत सात रकाने, मधे टॅबच पाहिजे. मी विम ह्या एडिटरमधून माऊसनं उचलून दुसरीकडं चिकटवलं, टॅबचे स्पेस झाले, दिसायला तेच, आणि कर्लनं ओळच्या ओळ सोडून दिली. ‘ही ओळ कळली नाही’ एवढं म्हणायला काय जातं? आमच्याकडचा हमालसुद्धा पोतं फाटकं निघालं तर आडतीभर ओरडून सांगतो.

ह्या वेळी टॅब बरोबर. शेवटी व्ही लावून, म्हणजे काय पाठवलंस ते दाखव म्हणून, बघितलं, तर ह्या पठ्ठ्यानं पाठवल्या दोनच कुकी. एक भाषेची, एक रंगाची. सेशनची गायब! आत घेणारी तीच, आणि तीच नाही. म्हणजे दारावर आधार कार्ड मागितलं तर आम्ही लग्नपत्रिका दाखवायलोय.

दीड तास गेल्यावर उजेड पडला. पोर्टलवाल्यांनी सेशनची कुकी आता एचटीटीपीओन्ली केलीय, पानावरच्या जावास्क्रिप्टला दिसू नये म्हणून. करा, चांगलंच आहे. पण जुन्या सात रकान्यांत ते लिहायला जागाच नाही. मग काय केलं शहाण्यांनी? डोमेनच्या आधी हॅश लावून ‘एचटीटीपीओन्ली’ चिकटवलं. हॅश! ओळीच्या तोंडाला! त्याच फाईलीत पहिली ओळ ‘नेटस्केप एचटीटीपी कुकी फाईल’, तिच्या पुढंही हॅश, ती कॉमेंट. तिच्याखाली दुसरी हॅशवाली, ती कॉमेंट नाही, तीच मालकीण. आणि ते नेटस्केप! 1994 ला कुकी त्यांनीच आणल्या, 2008 ला ब्राउझर वारला, आपण अजून त्याच्या नावानं पान वाढायलोय.

आता तोंड उघडलंच आहे तर ऐकाच. कर्लमध्ये बी म्हणजे कुकी दे, सी म्हणजे बरणीत, म्हणजे कुकी साठवायच्या फाईलीत, भर. वीगेट ह्या तसल्याच दुसऱ्या कमांडमध्ये बी म्हणजे बॅकग्राउंडला जा, सी म्हणजे अर्धवट राहिलेलं पुढं चालू कर. एकदा घाईत वीगेटला बी लावला, तो गेला की पडद्यामागं, मी बसलो रिकाम्या टर्मिनलकडं बघत. वीगेटला कुकी साठव म्हणलं तर सेशनवाल्या तो साठवतच नाही, त्याला ‘कीप सेशन कुकीज’ असं वेगळं विनवावं लागतं. अरे, त्याच तर पाहिजे असतात!

आणि कर्लची ती बरणी. ती भरतो सगळं काम उरकल्यावर. आमच्याकडं लाईट त्याच्या आधी जाते. बरं, बरणी लिहिताच आली नाही तर? काही नाही. काम थांबत नाही, धड चूकही दाखवत नाही. व्ही लावला असेल तरच एक इशारा. मॅन पेजमध्ये, म्हणजे कर्लच्या माहितीपानात, त्यांनीच लिहून ठेवलंय की ही परिस्थिती जीवघेणी ठरू शकते. माहीत आहे, लिहिलंय, आणि तरी गप्प! आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला बुरशी दिसली तर आई गल्ली डोक्यावर घेते.

एवढ्या शिव्या देऊन झाल्यावर लक्षात आलं की कर्ल ती हॅशवाली ओळ नीट वाचतो. मग उडवली कुणी?

स्क्रिप्ट उघडली. फाईल वापरायच्या आधी सेडची, म्हणजे मजकूर कापणाऱ्या-बदलणाऱ्या कमांडची, एक ओळ, हॅशनं सुरू होणारं सगळं छाटणारी. वर टीप: ‘फालतू कॉमेंट काढणे’. दोन वर्षांपूर्वीची. सेशनची कुकी साधी होती तोवर खपून गेलं. लिहिणारा कोण, ते सांगत नाही. सकाळपासून पंख्याखाली बसलाय.

अकरा चाळीसला यादी आली. काकांनी तोवर मिलला फोन लावून सगळी वजनं बॉलपेननं चोपडीत उतरवून घेतली होती. चहा मागवला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सेडची ती ओळ खोडली नाही. पुढं हॅश लावून ठेवलीय. बघू, हिला तरी कुणी कॉमेंट मानतंय का.