आठ दिवस आधी सांगितलं, ही चूक माझीच

नमस्कार सर,

बदली समुपदेशक म्हणून केलेल्या कामाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, माणूस लिहितो मात्र नेटकं. तिसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य टोचलं, ते अजून टोचतंय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मॅडमच्या जागी सहा महिन्यांसाठी यायचं, मुलांच्या जखमा उकरायच्या आणि पट्टी न बांधता निघून जायचं, हा मुलांवर अन्याय आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मुलं बोर्डिंगात राहून शिकली, त्यांना कुणी समुपदेशक लागला नाही. आपणच हल्ली मुलांना नाजूक करून ठेवलंय. वर त्यांच्या गोष्टी इंटरनेटवर टाकायच्या. आणि शेवटी एक शुद्धलेखनाची दुरुस्ती.

बोर्डिंगाचं आधी बोलते, कारण तिथं माझं तुमच्याशी भांडण आहे. 1901 मध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघाली, ती कशासाठी? खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात शाळा होती, पण पाठ टेकायला जागा नव्हती. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. म्हणजे मूल आणि शाळा यांच्या मधे काय आडवं येतंय ते बघून महाराजांनी त्यावर इलाज केला. आज मधे दुसरं काही आडवं येत असेल तर त्याकडं बघायचं नाही, हे शाहू महाराजांच्या नावावर खपवू नका, एवढीच विनंती.

आता नाजूकपणाचं. एक प्रसंग लिहिते. मुलीच्या आईला विचारून, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलून लिहितेय.

मी रुजू झाले ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिन झाल्यावर. शाळेनं बसायला खेळाच्या साहित्याची खोली दिली होती. एका कोपऱ्यात थाळी, गोळा, लेझमांचा ढीग, आणि मधे दोन खुर्च्या. पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीला वर्गशिक्षिकेनं पाठवलं: 'लक्ष नाही, वहीत रेघोट्या मारते.' वही बघितली. रेघोट्या नव्हत्या. शेवटच्या पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढं आकडे. 35 फूट 2 इंच. 36 फूट 9 इंच. 37 फूट 4 इंच.

कोल्हापुरातल्या माणसाला हे आकडे समजावून सांगायला लागत नाहीत. बाहेरच्यांसाठी सांगते, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. ही पोरगी 2021 च्या जुलैत आजीचा हात धरून अंधारात घराबाहेर पडली होती. तेव्हापासून पाऊस लागला की ती रोज बातम्यांतून पातळी उतरवून घ्यायची आणि कुणाला सांगायची नाही, कारण घरात विषय काढला की आई रडायची.

सर, ही मुलगी नाजूक नव्हती. हिशेबी होती. तिच्या हिशेबाला उत्तर मात्र कुणी देत नव्हतं. आम्ही दोघींनी तिच्या बाबांना बोलावलं. तिनं त्यांना एकच विचारलं, "पपा, किती फुटाला निघायचं?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "एकेचाळीस." मग कागदपत्रांची पिशवी कुठं असते, आजीला कोण उचलणार, कुठल्या मावशीकडं जायचं, हे सगळं त्या खुर्च्यांवर बसून ठरलं. अर्धा तासही लागला नसेल. पुढच्या आठवड्यात ती दारातून डोकावून "सगळं बरं हाय मॅडम, मी जातो" म्हणून पळाली. (आपल्याकडं मुलीही 'जातो'च म्हणतात, शुद्धलेखन तपासताना ते सोडा.) वहीच्या शेवटच्या पानावर नंतर आकडे आले नाहीत. या कामाला मी सहा महिन्यांसाठी होते की सहा वर्षांसाठी, यानं काही बिघडलं नाही.

तुम्ही म्हणता तसं पूर्वी हे काम वर्गशिक्षक करायचे, शाळेतली मावशी करायची, घरी आजी करायची. अगदी मान्य. आजही करतात. माझ्या त्या शाळेत कुठलं पोर डबा न आणता आलंय हे सगळ्यात आधी घंटा देणाऱ्या मामांना कळायचं, मला नव्हे. पण साठ-साठ पोरांचा वर्ग, त्यात सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. वर्गशिक्षकाकडं अर्धा तास कुठून येणार, हे तुम्ही मुख्याध्यापक असताना पाहिलं असेलच. आणि काही गोष्टी अशा असतात की त्या ऐकल्यावर गप्प बसायची मुभा कुणालाच नसते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मला आणि घंटा देणाऱ्या मामांनाही. म्हणून मी प्रत्येक मुलाला पहिल्या भेटीत सांगायचे, की तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला ते पुढं सांगावं लागेल. हे ऐकून दोन-चार पोरं उठून गेली. त्यातली एक नंतर परत आली.

मानधन तीन महिन्यांनी एकदम मिळालं, ते सोडा. जास्त त्रास झाला तो नावाचा. 'समुपदेशन' या शब्दात उपदेश बसलाय, त्यामुळं शिक्षकांना वाटायचं मी उपदेश करते, आणि पोरांना वाटायचं इथं उपदेश ऐकायला लागतो. दंगा केला की "जा मॅडमकडं" ही शिक्षाच झाली होती. दिवाळीपर्यंतचा माझा निम्मा वेळ ही शिक्षा मोडण्यात गेला.

आता ते टोचणारं वाक्य. 'पट्टी न बांधता निघून जायचं.'

नववीतला एक मुलगा दर मंगळवारी मधल्या सुट्टीत यायचा. त्याचं काय होतं ते मी मूळ लेखातही लिहिलेलं नाही, इथंही लिहिणार नाही. समोर बसून बोलणं त्याला जमायचं नाही. तो ढिगातलं एखादं लेझीम उचलायचा आणि साखळीतल्या निसटलेल्या चकत्या पक्कडीनं परत बसवत बसायचा. मान खाली, हात चालू, आणि अधूनमधून एखादं वाक्य. जानेवारी संपेपर्यंत बरीच लेझमं दुरुस्त झाली होती आणि बरंच बोलून झालं होतं.

मातृत्व रजा कायद्यानं 26 आठवडे. माझी मुदत कधी संपणार हे मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. त्याला मी सांगितलं आठ दिवस आधी. का? आत्ताच कुठं बोलायला लागलाय, सांगितलं तर थांबेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे मला ते सांगणं जड जात होतं. मूळच्या मॅडम बाळाला घेऊन एक दुपारभर शाळेत यायला तयार होत्या, तिघांनी बसायचं, मग मी हळूहळू बाजूला व्हायचं, असं मी ठरवलं होतं. इतर सहा-सात मुलांच्या बाबतीत ते झालंही. त्यानं मात्र ऐकून घेतलं, हातातलं लेझीम ढिगावर ठेवलं, "बरं" म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी आला नाही.

दारावर मी मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 असे दोन्ही नंबर चिकटवले. मुख्याध्यापकांच्या आणि मॅडमच्या कानावर जेवढं घालायला हवं तेवढं घातलं. तरी त्याला पट्टी म्हणता येणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. मार्चमध्ये तो मला केएमटी बसच्या थांब्यावर दिसला. मी हात वर केला. त्यानं बघितलं आणि रस्त्याच्या पलीकडं गेला.

पण यावरून 'बदली माणूस नेमूच नये' असं तुम्ही म्हणता, तिथं मी थांबते. मी नसते तर 26 आठवडे ती खोली लेझमांचीच राहिली असती. बहुतेक अनुदानित शाळांत हे पदच मंजूर नसतं. ज्या संस्था नेमतात त्या स्वतःच्या खिशातून. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि परीक्षेच्या काळात मुलांकडं जास्त लक्ष हवं. माझी मुदत संपली दहावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हाच. बाळंतपणाची तारीख बोर्डाचं वेळापत्रक बघून येत नाही, हे खरं. पण मूळच्या मॅडम आल्यावर आणखी दोन महिने दोघींना एकत्र ठेवायला काय हरकत होती? मी विचारलं होतं. 'बजेट नाही' हे उत्तर मिळालं. तुमच्यासारख्या माणसानं संस्थाचालकांना हे विचारलं तर त्याला वजन येईल. मी विचारलं तर ती नोकरी मागणारी बाई ठरते.

इंटरनेटवर लिहिण्याबद्दल: माझ्या चुकीबद्दल मी लिहीन, मुलांच्या गुपितांबद्दल नाही. ती रेष कुठं पुसट झाली असेल तर वाक्य दाखवा, मी काढून टाकते.

जूनपासून मी दुसऱ्या एका शाळेत आहे, पुन्हा बदलीवरच. इथं दारावर पहिल्याच दिवशी पाटी लावलीय: 'मी इथं 30 नोव्हेंबरपर्यंत आहे.' मुख्याध्यापिकांना ती आवडली नाही, दुकानाच्या सेलसारखी दिसते म्हणाल्या. तरी ठेवलीय.

आणि हो, 'समुपदेशक'मधला 'मु' ऱ्हस्वच. मूळ लेखात पाच ठिकाणी चुकला होता, तुम्ही चारच दाखवलेत. पाचही सुधारले.