एका कानाचा रोलिंग स्टोन

परवा सिंहगड एक्स्प्रेसमध्ये एका माणसानं मला दम दिला. "ओ, इयरफोन लावा की! पब्लिक प्लेस आहे." हे सांगण्यासाठी त्यानं स्वतःच्या फोनवरची रील थांबवली होती. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत त्या रीलमधली बाई एकच पोळी लाटत होती आणि मागे कुणीतरी खदाखदा हसत होतं. अख्ख्या डब्याला ती पोळी पाठ झाली होती, पण कुणी ब्र काढला नाही. मी मात्र दहा सेकंदांत गुन्हेगार.

झालं एवढंच होतं की माझ्या बिनवायरच्या इयरफोनची बॅटरी संपली. गाणं थांबायला हवं होतं, थांबलं नाही. रोलिंग स्टोन्स या म्हाताऱ्या इंग्लिश रॉक बँडच्या 'हॅकनी डायमंड्स' अल्बममधलं ते पहिलंच गाणं, 'अँग्री'. त्यात त्यांचा गायक मिक जॅगर जिवाच्या आकांतानं विचारत असतो की बाई गं, माझ्यावर का चिडलीस. त्याच्यावर कोण चिडलं होतं माहीत नाही, माझ्यावर पोळीवाला चिडला.

मी बॅगेच्या तळातून वायरवाले इयरफोन उपसले. (माझ्या फोनला ते भोक अजून आहे. घरी या फोनला पुराणवस्तू म्हणतात, म्हणोत बापडे.) ते खुपसतोय तोच शेजारचे काका म्हणाले, "बंद करू नका. कोण ओरडतंय ते तरी कळू द्या."

काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. लेकीकडे कल्याणला निघालेले, मांडीवर शेंगांची पुडी. मी काही म्हणायच्या आत त्यांनी एक बोंड उचलून कानात कोंबलंसुद्धा. त्या कानात बामाचा जुना साठा असावा. दुसरं बोंड माझ्या कानात. वायर हातभर. लग्नातल्या उपरण्या-शालूच्या गाठीसारखे आम्ही एकमेकांना बांधले गेलो. काका शेंगेचं टरफल टाकायला वाकले की माझी मान आपोआप नमस्काराला जाई. शेवटी वायर पुरावी म्हणून फोनच त्यांच्या मांडीवर ठेवला. ती माझी घोडचूक.

या बँडच्या दोन गिटारी बऱ्याचदा स्टीरिओच्या दोन बाजूंना असतात. म्हणजे आता कीथ रिचर्ड्स बहुधा माझ्याकडे आणि रॉनी वुड काकांकडे. अर्धा बँड मी ऐकतोय, अर्धा बामात बुडालाय.

"वय काय याचं?" काकांनी विचारलं.

"हे गायला तेव्हा ऐंशीच्या घरात."

"पेन्शन नाही?"

"आहे हो. गडगंज आहे."

"मग घरचे काही बोलत नाहीत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलं किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ. शेवटचं कितव्या वर्षी? त्र्याहत्तराव्या. इतक्यात बोगदा आला आणि काका तो अख्खा बोगदा गप्प होते. उजेडात आल्यावर एवढंच म्हणाले, "नाव काय म्हणालात?"

मग अल्बमच्या नावाचा अर्थ सांगणं आलं. हॅकनी हा लंडनचा एक भाग. तिथे गाडीची काच फोडून चोरी झाली की रस्त्यावर काचेचा जो चुरा चमकत पडतो, त्याला हे लोक 'हॅकनीचे हिरे' म्हणतात. काकांना हे भलतंच आवडलं. "आम्ही आयुष्यभर तेच हिरे झाडूनं गोळा केले. कुणी गाणं नाही केलं."

आता खरं सांगतो. या अल्बमबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मी मागता न मागता सगळ्यांना ऐकवलेली आहेत. २००५ च्या 'अ बिगर बँग'नंतर अठरा वर्षांनी यांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम बाहेर काढला, २० ऑक्टोबर २०२३ ला. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर वाईट आहे असं म्हणायची सोयच नसते. स्थळ बघून नाही म्हणता येतं, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर नाही. 'यांच्यात अजून दम आहे' हे मी ऑफिसात म्हटलं, लग्नाच्या पंगतीत म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही म्हटलं. हाच मी, २००३ च्या एप्रिलात ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा तिकीट न काढता म्हणालो होतो, साठीला टेकलेत, आता काय उरलंय! त्यानंतर ते वीस वर्षं मला खोटं पाडतायत, आणि वर पैसेही घेतायत.

अठराचा आकडा माझ्या मागेच लागलाय. २०२३ मध्येच मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचा '७२ सीझन्स' आला. बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं, वर्षाला चार या हिशेबानं. आपल्याकडे ऋतू सहा. म्हणजे मराठीत तो अल्बम 'एकशे आठ' झाला असता, हातात जपमाळ घेऊन ऐकायचा. तशी गरजही आहे, सत्त्याहत्तर मिनिटं चालतो. पन्नासाव्या मिनिटाला मी दर वेळी दूध तापवायला उठतो. पिंक फ्लॉइडवाल्या डेव्हिड गिल्मरचा २०२४ चा 'लक अँड स्ट्रेंज' मात्र मी उठून न जाता ऐकला. बायको गाणी लिहिते, मुलगी गाते आणि हार्प वाजवते, सगळा घरचा कारभार. शीर्षकगीतात त्याच्या जुन्या बँडमधल्या रिक राइटचा कीबोर्ड आहे, २००७ साली एका कोठारात सहज वाजवून ठेवलेला. राइट २००८ मध्ये गेला. माणूस नाही आणि त्याची बोटं सोळा वर्षांनी नव्या अल्बमात. आणि झाकीर हुसेन ज्यात तबला वाजवायचे त्या 'शक्ती' बँडचा 'धिस मोमेंट'? तो मी ग्रॅमी मिळाल्यावर ऐकला. ऐकू सावकाश, म्हणून ठेवून दिला होता. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. यावर विनोद सुचत नाही.

असो. घाटात काका रंगात आले होते.

"गाडी जुनी आहे," ते म्हणाले, "इंजिनाला काय झालेलं नाही. पण रंग नवा मारलाय. आणि हॉर्न नको तेवढा मोठा बसवलाय."

मला राग आला, कारण गेली दोन वर्षं मला हेच वाटतंय. निर्माता अँड्र्यू वॉट, १९९० चा जन्म. त्यानं सगळं इतकं घासूनपुसून लख्ख केलंय की कुठे घाम दिसत नाही. पण हे मी म्हणणं वेगळं आणि शेंगा खाताखाता तिऱ्हाइतानं म्हणणं वेगळं. मी वकिली सुरू केली. एका गाण्यात पॉल मॅकार्टनी बास वाजवतो, एकात लेडी गागा गाते आणि स्टीव्ही वंडर पियानोवर आहे, असं दडपून सांगितलं. काका म्हणाले, "पाहुणे फार बोलावले की समजावं, घरात जेवायला काय नाही." पोळीवाला हसला. त्यानं चक्क पोळी थांबवली होती आणि आमचं ऐकत होता. फुकट!

कर्जत जवळ आलं तसे काका एकदम ताठ झाले. "थांबा. इथं ड्रायव्हर बदलला."

"म्हणजे?"

"आतापर्यंत जो हाकत होता तो गडी वेगळा. हा जुना आहे. घाई नाही याला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. या बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला. अल्बमात त्याची दोनच गाणी आहेत, जाण्याआधी वाजवून ठेवलेली. बाकीकडे त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन. आणि रॉक या शब्दाशी दमडीचा संबंध नसलेल्या माणसाला एका कानातून, तेही बामातून, तो हात ओळखू आला! मी काकांचं मनगट धरलं. मूळचा जॅझचा माणूस, असं सांगितलं. डाव्या हातानं स्नेअर ड्रमवर ठोका देताना उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचलून घ्यायचा, दोन्ही एकदम सहसा मारायचा नाही, तीच ती श्वास घेतल्यासारखी पोकळी, ऐका, ऐका. माझा आवाज फाटला. समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. पोळीवाल्यानंही मान खाली घातली. काका म्हणाले, "असतात अशी माणसं. आमच्याकडे एक होता, डोळे मिटून क्लच सांगायचा."

कल्याणला ते उतरले. बोंड काढून धोतराच्या सोग्याला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तो ड्रायव्हर तेवढा चांगला. जावयाला सांगतो."

मी दादरला उतरताना फोन नीट पाहिला. चार्लीची गाणी सातवं आणि आठवं. काकांनी ओळखलेलं होतं नववं, 'ड्रायव्हिंग मी टू हार्ड'. स्टीव्ह जॉर्डन. काकांच्या अंगठ्यानं मांडीवर कधीतरी ते एकमेकांना छेदणाऱ्या बाणांचं बटण दाबलं होतं आणि गाण्यांची उलटापालट झाली होती. आणि मला, तीस वर्षं जुन्या भक्ताला, ते कळलं नाही! कारण हा अल्बम मी दोन वर्षांत शेवटपर्यंत फार तर चारदा ऐकलाय. मतं बाकी पहिल्या दिवशीच तयार होती.

पण दोष सगळा माझाच का? पूर्वी कव्हरच्या मागे छापलेलं असायचं, कुठल्या गाण्यात कोण काय वाजवतंय. आता ते अ‍ॅपमध्ये तीन टिंबांच्या मागे दडवलेलं असतं. तीन टिंबं दाबा, यादी खाली सरकवा, मग कुठेतरी एक नाव. दरमहा पैसे भरून! माझी इमानदारी शफलच्या एका बटणावर यावी, इतकं काय मी वाईट वागलोय?

काकांचा नंबर घेतला नाही. या घटकेला कल्याणात कुणीतरी जावई ऐकून घेत असणार की तो मेलेला ड्रायव्हर काय हाकायचा. जॉर्डनसाहेबांना हे कळवायला हवं. काल रात्री नववं गाणं मुद्दाम पुन्हा लावलं, दोन्ही कानांनी. उजवीकडून बामाचा वास येत होता.