‘विमा शेवटच्या आठवड्यात काढा’: निवृत्ती व्हिसाचा अर्ज अडकवणारा सल्ला

निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाऊ पाहणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश सारखा पुढे ढकलला जातो. त्यातला मजकूर साधारण असा: ‘आरोग्य विमा ही निव्वळ औपचारिकता आहे. बाकीची कागदपत्रं आधी जमवा, विमा शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन काढा, दहा मिनिटांत पीडीएफ येते. कव्हरची रक्कम मोठी असली की कुठलीही पॉलिसी चालते, प्रवास विमासुद्धा. जुने आजार लिहू नका, तपासण्यांमध्ये अडकाल. कागद यायला उशीर झाला तर पैसे भरल्याची पावती जोडा, अधिकारी समजून घेतात. आधीच पैसे भरलेत आणि व्हिसा नाकारला तर हप्ता बुडेल. आणि व्हिसा मिळाल्यावर पॉलिसी चालू ठेवायची गरज नाही.’

माझ्या मावशीने आणि काकांनी स्पेनच्या व्हिसाचा अर्ज नेमका याच क्रमाने करायला घेतला होता. कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे या सल्ल्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण साठी उलटलेल्या माणसाने तो जसाच्या तसा पाळला तर त्याचे काही महिने वाया जातील, कदाचित उपचारांचं संरक्षणही जाईल.

दहा मिनिटांत पीडीएफ येते ती पंधरा दिवसांच्या सहलीच्या विम्याची. परदेशात वर्षभर राहणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा आरोग्य विमा असा निघत नाही. आधी आरोग्याची प्रश्नावली भरायची. ती कंपनीच्या अंडररायटरकडे, म्हणजे जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याकडे जाते. त्यात रक्तदाब, मधुमेह किंवा एखादी शस्त्रक्रिया दिसली की डॉक्टरांचा अहवाल मागवला जातो, कधी नव्या तपासण्या सांगितल्या जातात. मग कंपनी ठरवते: घ्यायचं, जास्त हप्ता लावून घ्यायचं, एखादा आजार वगळून घ्यायचं की नाहीच घ्यायचं. पॉलिसी त्यानंतर निघते. आणि वकिलातीला पॉलिसी दाखवून भागतंच असं नाही, तिला हव्या त्या बाबी स्पष्ट लिहिलेलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, जे बहुतेक वेळा कंपनीचा दुसराच विभाग देतो.

मावशीच्या बाबतीत कंपनीने गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड मागितलं. ते सापडून कंपनीकडे पोहोचायला आणि निर्णय व्हायला पाच आठवडे लागले. तोवर आधी हौसेने काढून ठेवलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र जुनं झालं, कारण स्पेनच्या वकिलाती ते साधारण तीन महिन्यांच्या आतलं मागतात. ते पुन्हा काढा, त्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर पुन्हा करून घ्या, अपॉइंटमेंट पुन्हा घ्या. विमा शेवटी ठेवण्याचं खरं नुकसान हे. सगळ्यात सावकाश येणारा कागद शेवटी ठेवला की सगळ्यात लवकर शिळे होणारे कागद त्याची वाट पाहत बसतात.

आता ‘कुठलीही पॉलिसी चालते’ याबद्दल. हे अगदीच हवेतून आलेलं नाही. पोर्तुगालच्या डी ७ (पेन्शनसारख्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीच्या) व्हिसाच्या पहिल्या अर्जाला वैद्यकीय खर्च आणि मायदेशी परत आणण्याची सोय असलेला प्रवास विमा चालतो. तो व्हिसा चार महिन्यांचा असतो आणि निवास परवान्याचं काम तिथे पोहोचल्यावर होतं. तिकडे गेलेल्या कुणी हा अनुभव प्रामाणिकपणे लिहिला असेल, आणि पुढे ढकलता ढकलता देशाचं नाव गळून पडलं असेल.

पण स्पेनच्या नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसाला, म्हणजे तिथे कमाईचं काम न करता राहण्याच्या व्हिसाला, तो चालत नाही. विमा कंपनी स्पेनमध्ये व्यवसायाची परवानगी असलेली हवी. तिथली सरकारी आरोग्य व्यवस्था जे उपचार देते ते विम्यात हवेत. प्रत्येक भेटीला आपल्या खिशातून वाटा भरायची को-पेची अट नको, आणि अमुक महिन्यांनंतरच उपचार मिळतील असा वेटिंग पिरियड नको. कव्हरचा आकडा कितीही मोठा असला तरी या अटींपुढे त्याचा उपयोग नाही. आमची पहिली पॉलिसी को-पेमुळेच बाद झाली. हप्ता कमी दिसला म्हणून आम्ही ती निवडली होती.

थायलंडचं तिसरंच. पन्नाशीपुढच्यांसाठी असलेल्या तिथल्या ओ-ए व्हिसाला विम्याची अट ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. तेव्हा आंतररुग्ण उपचारांसाठी ४ लाख बाट आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४० हजार बाट एवढं कव्हर पुरत होतं. २०२१ मध्ये ही अट ३० लाख बाट किंवा १ लाख अमेरिकी डॉलर अशी वाढवली. आकडे असे बदलतात, म्हणून संदेशातला आकडा धरू नका, सध्याचा आकडा वकिलातीकडून विचारून घ्या. शिवाय परदेशी कंपनीचा विमा असेल तर ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर त्या कंपनीची सही लागते. उशीर इथेच होतो. कव्हर पुरेसं असतं, पण दुसऱ्या देशाच्या नमुन्यावर सही करायचा अधिकार कुणाला आहे हेच कंपनीत कुणी सांगू शकत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी तो नमुना कंपनीला पाठवा आणि ‘यावर सही मिळेल का, किती दिवसांत’ याचं उत्तर लेखी घ्या. ‘हो, हो, मिळेल’ हे एजंटचं फोनवरचं उत्तर धरू नका.

जुने आजार लपवण्याचा सल्ला वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्याची किंमत व्हिसाच्या टेबलापाशी मोजावी लागत नाही. ती परक्या देशातल्या रुग्णालयात, पलंगाशेजारी बसलेल्या जोडीदाराला मोजावी लागते. विम्याचा करार विचारलेल्या माहितीच्या खरेपणावर उभा असतो. मोठा दावा आला की कंपनी जुने कागद मागवते, आणि त्यात दहा वर्षांपासूनची रक्तदाबाची गोळी सापडली, जी प्रश्नावलीत नव्हती, तर दावा नाकारायला आणि पॉलिसी रद्द करायला तिच्या हातात कारण येतं. ज्या वयात उपचारांची गरज पडण्याची शक्यता सर्वात जास्त, त्याच वयात माणूस असा उघडा पडतो.

आणि लपवल्याने वेळ वाचतो हेही तितकंसं खरं नाही. वेळ जातो तो कंपनी आणि आपण यांच्यातल्या प्रश्नोत्तरांत. आम्ही दुसऱ्या वेळी डॉक्टरांकडून एक पानी पत्र घेतलं: कोणता आजार, कधीपासून, कोणतं औषध किती मात्रेत, शेवटच्या तपासणीचे आकडे काय, शस्त्रक्रिया कधी आणि सध्याची स्थिती कशी. ते प्रश्नावलीसोबतच जोडलं. कंपनीने एकही उलटा प्रश्न विचारला नाही आणि नऊ दिवसांत निर्णय आला. काही कंपन्या नकार देतील हे खरं आहे. पण तो नकार घर आवरायच्या आणि तिकिटं काढायच्या आधी कळलेला बरा.

पावतीचा मुद्दा लवकर संपण्यासारखा आहे. पावतीने पैसे पोहोचल्याचं कळतं, कंपनीने जोखीम स्वीकारल्याचं नाही. स्पेनमध्ये अर्जात त्रुटी निघाली तर ती दूर करायला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात एखादं वाक्य दुरुस्त केलेलं पत्र आणता येईल, पण अंडररायटिंग नव्याने करून घेता येणार नाही.

हप्ता बुडण्याची भीती मात्र मला समजते. पेन्शनवर जगणाऱ्याला वर्षाचा हप्ता एकरकमी भरणं सोपं नाही. पण विम्याची प्रक्रिया लवकर सुरू करणं वेगळं आणि पैसे लवकर भरणं वेगळं. प्रश्नावली, अहवाल, कंपनीचा होकार हे सगळं पैसे न भरता किती पुढे नेता येईल ते विचारा. होकार किती दिवस टिकतो, पॉलिसीची सुरुवात पुढच्या तारखेची ठेवता येते का, आणि व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवल्यास पूर्ण हप्ता परत मिळतो का, हेही विचारा. व्हिसासाठी पॉलिसी विकणाऱ्या काही कंपन्या अशी परतफेड देतात, पण ती अट पॉलिसीत लिहिलेली हवी. कंपनीचा होकार हातात आला की मग वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला काढायला घ्या.

व्हिसा मिळाल्यावर पॉलिसी सोडून देणाऱ्यांनी पुढच्या तारखा पाहाव्यात. स्पेनचा पहिला परवाना एका वर्षाचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी विमा पुन्हा दाखवावा लागतो. थायलंडमध्ये ओ-ए व्हिसावर प्रवेश करताना मिळणारा मुक्काम विम्याच्या उरलेल्या मुदतीशी बांधलेला असतो, आणि पुढच्या मुदतवाढीलाही विमा लागतो.

प्रमाणपत्र आलं की ते पासपोर्टशेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, विमा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, देशाचं नाव, आणि को-पे व वेटिंग पिरियड नसल्याचं वाक्य. मावशीच्या प्रमाणपत्रावर तिचं मधलं नाव गळलं होतं. ते अपॉइंटमेंटच्या सहा दिवस आधी काकांच्या लक्षात आलं, आणि दुरुस्त प्रत चौथ्या दिवशी आली.